दोन आडवळणाच्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ: गावातून निघण्यापासून हिशेब कसा मांडायचा

"मोबाईलवर तं अडीच घंटेच दाखवते ना!" गोंदिया ते लेह किती वेळ लागतो असं विचारलं, की हे उत्तर हमखास मिळतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून रजेचा अर्ज लिहिला जातो, लेहमधली खोली ठरते, ड्युटीवर हजर व्हायची वेळ कळवली जाते. प्रत्यक्षात माणूस पोहोचतो दुसऱ्या दिवशी, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर.

मोबाईलवरचा आकडा खोटा नसतो. दोन ठिकाणांमध्ये सरळ रेष ओढून, तिच्यावरून एखादं विमान न थांबता गेलं तर किती वेळ लागेल, एवढंच तो सांगतो. तसं विमान आहे का, त्याचं तिकीट मिळतं का, तुमच्या गावाहून धावपट्टीपर्यंत कसं जायचं, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हाला जोडावं लागतं आणि ठरलेल्या क्रमानेच जोडावं लागतं. बहुतेकांची चूक या क्रमात होते: आधी तिकीट काढतात आणि वाट नंतर शोधतात.

खाली गोंदिया-लेह हीच जोडी उदाहरणाला घेतली आहे. पूर्व विदर्भातून लडाखमध्ये नोकरीला असलेले जवान आणि त्यांना भेटायला जाणारे घरचे लोक, दोघांनाही हा हिशेब लागतो. दुसरी कोणतीही जोडी असली तरी पद्धत तीच.

सुरुवातीची तयारी

वही, पेन आणि वर्गमुळाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर घ्या. फोनमधला चालेल. ज्यांच्या नावाने तिकीट काढायचं त्यांची ओळखपत्रं समोर ठेवा, कारण तिकिटावरचं नाव त्यावरच्या नावाशी जुळायला हवं. पोहोचायची शेवटची तारीख आणि वेळ वहीच्या डोक्यावर ठळक लिहा. "१५ तारखेला निघायचं" असं लिहू नका, "१७ तारखेला सकाळी १० पर्यंत हजर" असं लिहा. पुढचा सगळा हिशेब या ओळीवरून मागे येणार आहे.

टप्पा १: विमानतळ नक्की करा

नकाशावर विमानाचं चिन्ह दिसलं म्हणजे तिथून प्रवासी विमान सुटतं असं नाही. अकोल्याजवळ शिवणीला धावपट्टी आहे, यवतमाळला आहे, चंद्रपूरजवळ मोरव्याला आहे. तिकीट काढून बसता येईल अशी नियमित सेवा यांपैकी एकाही ठिकाणी नाही. अंतर काढून देणारी संकेतस्थळं मात्र "सर्वांत जवळचा विमानतळ" म्हणून यांचीच नावं देतात आणि पुढचा हिशेब तिथूनच बिघडतो.

सेवा असली तरी ती कायम राहील असं धरू नका. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू झाली आणि थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादच्या मार्गावर पुन्हा विमान आलं. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाली. अशा लहान विमानतळांवर मार्ग, वार आणि कंपनी बदलत राहतात. म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी केलेला प्रवास पुरावा मानू नका. विमान कंपनीच्या स्वतःच्या पानावर तुमची तारीख टाकून तिकीट विक्रीला आहे का ते पाहा.

पर्याय शोधताना जिल्ह्याची आणि राज्याची हद्द विसरा. देवरी-चिचगडकडच्या माणसाला बिरसी सर्वांत जवळ, पण त्यानंतर नागपूर आणि रायपूर जवळजवळ सारख्याच अंतरावर पडतात. सिरोंच्याहून हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ आहे. धारणीकडून इंदूर पाहण्यासारखं आहे आणि बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर. असे दोन-तीन पर्याय वहीत लिहा. निवड तिसऱ्या टप्प्यानंतर होईल.

सावध: अमरावती नावाची शहरं दोन आहेत, एक आपली आणि एक आंध्र प्रदेशातली. शोधताना विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह वापरा: नागपूर एनएजी, गोंदिया जीडीबी, आपली अमरावती एव्हीआर, लेह आयएक्सएल. तिकिटावर हेच चिन्ह छापलेलं असतं, तेव्हा पैसे भरण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा.

टप्पा २: सरळ अंतर काढा

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. बिरसी: अक्षांश २१.५३, रेखांश ८०.२९. लेह: अक्षांश ३४.१४, रेखांश ७७.५५.

१. अक्षांशांची वजाबाकी करा: ३४.१४ वजा २१.५३ म्हणजे १२.६१. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटरचा असतो. १२.६१ गुणिले १११ म्हणजे जवळपास १,४०० किलोमीटर. हे उत्तर-दक्षिण अंतर झालं.

२. रेखांशांची वजाबाकी करा: ८०.२९ वजा ७७.५५ म्हणजे २.७४. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे इथे १११ ने गुणायचं नाही. एक अंश २० अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटर, २५ वर १०१, ३० वर ९६ आणि ३५ वर ९१ किलोमीटर भरतो. आपल्या दोन ठिकाणांचा मध्य २८ च्या आसपास येतो, म्हणून ९८ धरा. २.७४ गुणिले ९८ म्हणजे सुमारे २६९ किलोमीटर. हे पूर्व-पश्चिम अंतर.

३. दोन्ही आकड्यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं साधारण १,४२५ किलोमीटर.

शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय इथे असं कामी येतं. पृथ्वी गोल असल्यामुळे ही पद्धत फार लांबच्या अंतरांना चुकते, पण देशातल्या देशात फरक नगण्य राहतो. परदेशातल्या विमानतळासाठी गोलाई धरून हिशेब करणारं साधन वापरा.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, अंश आणि मिनिटं यांची सरमिसळ. बिरसीचा अक्षांश काही ठिकाणी २१ अंश ३१ मिनिटं असा दिलेला असतो. तो २१.३१ नव्हे. ३१ ला ६० ने भागून २१.५२ असा लिहायचा. एवढ्या चुकीने अंतर बावीस-तेवीस किलोमीटरने हलतं. दुसरी चूक म्हणजे अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिणं. विदर्भापुरती खूण सोपी आहे: २१ च्या आसपासचा आकडा अक्षांश, ७६ ते ८१ मधला रेखांश. तिसरी चूक एककाची. विमानाच्या जगात नॉटिकल मैल चालतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. आपले १,४२५ किलोमीटर म्हणजे ७६९ नॉटिकल मैल, पण ८८५ साधे मैल. आकड्यापुढे नुसतं "मैल" लिहिलेलं दिसलं, तर कोणते मैल ते समजल्याशिवाय तो वापरू नका.

तपासा: फोनच्या नकाशात एका विमानतळावर बोट दाबून धरा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत रेष न्या. तुमचं उत्तर आणि नकाशाचं उत्तर यांत दहा-पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर कुठेतरी आकडा चुकला आहे.

टप्पा ३: विमान ज्या वाटेने जाईल ते अंतर काढा

लोक हा टप्पा गाळतात आणि मोठी फसगत इथेच होते. गोंदिया-लेह थेट विमान नाही. कुठेतरी विमान बदलावं लागणार, तेव्हा प्रत्येक तुकड्याचं अंतर वरच्याच पद्धतीने वेगळं काढा.

पर्याय अ: नागपूर-दिल्ली सुमारे ८५० किलोमीटर, दिल्ली-लेह सुमारे ६२०. एकूण १,४७०. नागपूर ते लेह सरळ रेष १,४५५ ची आहे, म्हणजे दिल्लीत उतरल्याने वाट जेमतेम पंधरा किलोमीटरने वाढते. दिल्ली जवळजवळ त्या रेषेवरच बसली आहे.

पर्याय ब: बिरसीहून हैदराबादचं विमान मिळालं, असं धरू. गोंदिया-हैदराबाद ५१५, हैदराबाद-दिल्ली १,२६५, दिल्ली-लेह ६२०. एकूण २,४०० किलोमीटर. जायचं उत्तरेला आणि सुरुवात दक्षिणेकडे! सरळ रेषेपेक्षा जवळपास एक हजार किलोमीटर जास्त, आणि विमानं दोनऐवजी तीन.

घराजवळचा विमानतळ आपल्याला सोयीचा वाटतो. पण तिथून सुटणारं विमान तुमच्या दिशेला जात नसेल, तर त्याचा काही फायदा नाही. गोंदियाहून नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर आहे. तेवढं जमिनीवरून केलं की आकाशातले नऊशेहून जास्त किलोमीटर आणि एक विमानबदल वाचतो. लेहसाठी मी गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला नागपूरच सांगेन. तिरुपती किंवा बंगळुरूला जायचं असेल आणि बिरसीहून दक्षिणेचं विमान चालू असेल, तर सल्ला उलटा.

टप्पा ४: हवेतला वेळ काढा

ए-३२० किंवा ७३७ सारख्या जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरा. एटीआर-७२ म्हणजे पंखे दिसणारं लहान विमान, लहान विमानतळांवर बहुधा हेच असतं. त्याचा वेग ताशी ५०० धरा. अंतराला वेगाने भागा आणि प्रत्येक उड्डाणामागे ३५ ते ४० मिनिटं वाढवा. धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, उतरण्यासाठी रांगेत थांबणं, उतरल्यावर जागेवर येणं यात ती जातात.

नागपूर-दिल्ली: ८५० भागिले ८०० म्हणजे ६४ मिनिटं, अधिक ३५, म्हणजे सुमारे एक तास चाळीस मिनिटं. दिल्ली-लेह: ४६ अधिक ३५, म्हणजे एक तास वीस मिनिटं. अमरावती-मुंबईचं सरळ अंतर ५४० किलोमीटर. एटीआरने ६५ अधिक ४० मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास. हेच अंतर जेटच्या वेगाने मोजलं, तर सव्वा तासाचं उत्तर येतं आणि मुंबईतलं पुढचं विमान चुकतं. तिकिटावर विमानाचा प्रकार दिलेला असतो, तो पाहूनच वेग निवडा.

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते ढकलतात, पश्चिमेकडे येणाऱ्याला अडवतात. दिब्रुगड-गुवाहाटीकडे जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळात त्यामुळे फरक पडतो. दक्षिणोत्तर प्रवासात तो फारसा जाणवत नाही.

तपासा: तुमचं उत्तर वेळापत्रकातल्या वेळेच्या वीस मिनिटं इकडेतिकडे असावं. वेळापत्रकात दोन-तीन तास जास्त दिसले, तर ते विमान मध्ये कुठेतरी थांबतं. आणि एक लक्षात ठेवा, वेळापत्रकातली वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. देशात याने फरक पडत नाही, पण दोहाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे आणि दुबईचं दीड तास. आखातात कामाला जाणाऱ्यांनी सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून सरळ वजा केली, तर प्रवास आहे त्याहून लहान दिसतो.

टप्पा ५: विमान बदलायला किती वेळ लागेल ते ठरवा

आधी पाहा, दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर आहेत का. असतील तर सामान बहुतेक वेळा थेट शेवटच्या ठिकाणी जातं, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळी तिकिटं काढली असतील, तर बॅग घ्यायची, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर द्यायची, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. बहुतेक कंपन्यांचे देशांतर्गत काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतात. म्हणजे तुमच्याजवळ दोन तास असले, तरी वापरायला एकच मिळतो.

दिल्लीत आणखी एक अडचण आहे. टर्मिनल १ हे टर्मिनल २ आणि ३ पासून काही किलोमीटर दूर आहे, पायी जाता येत नाही, बस किंवा टॅक्सी धरावी लागते. कोणत्या टर्मिनलवर उतरणार आणि कुठून चढणार, हे दोन्ही तिकिटांवर बघून वहीत लिहा. एकच तिकीट असेल तर दोन तास, वेगळी तिकिटं असतील तर चार तास आणि टर्मिनलही बदलायचं असेल तर पाच, असं मी धरतो. म्हातारे आईवडील पहिल्यांदाच विमानात बसत असतील, तर याहून कमी वेळ ठेवू नका.

सावध: रात्री १२ नंतरच्या विमानाची तारीख. १५ तारखेला ००:३० चं विमान म्हणजे १४ तारखेची रात्र. १५ च्या रात्री पोहोचलेल्या माणसाचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. वहीत "१४ च्या रात्री जेवून विमानतळावर" असंच लिहा.

टप्पा ६: पोहोचण्याच्या वेळेपासून उलटं मोजा

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १०,६८२ फुटांवर, म्हणजे ३,२५६ मीटरवर आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ असते आणि दुपारी दरीत वारे जोर धरतात. म्हणून तिथली प्रवासी विमानं मुख्यतः सकाळीच चालतात. सगळा हिशेब याच गोष्टीवर बेतावा लागतो. देवरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून निघायचं असेल, तर मांडणी अशी होईल. वेळा नमुन्यादाखल आहेत, तुमच्या तिकिटाप्रमाणे बदला.

लेहला उतरणं सकाळी ७.३० च्या सुमारास. त्यासाठी दिल्लीहून सुटणं ६ च्या आसपास. काउंटरवर पहाटे ४ ला उभं राहायचं. म्हणजे दिल्लीत आदल्या रात्रीच पोहोचलेलं असायला हवं. नागपूरहून दिल्लीला रात्री १० पर्यंत पोहोचवणारं विमान ८.२० ला सुटेल. नागपूर विमानतळावर ६.१५ ला हजर.

आता जमिनीवरचा भाग. देवरीहून राष्ट्रीय महामार्गाने साकोली, भंडारा, मग नागपूर शहर ओलांडून सोनेगावचा विमानतळ. स्वतःच्या गाडीने साडेतीन तास धरा. एसटीने यायचं असेल तर पाच, कारण बस शहरात सोडते आणि तिथून पुढे ऑटो किंवा मेट्रो लागते. त्यात गावातून देवरीच्या स्टँडपर्यंत काळी-पिवळी भरायला लागणारा वेळ मिळवा. तो कोणत्याच वेळापत्रकात नसतो, म्हणून एक तास सरळ लिहून टाका.

म्हणजे एसटीने जाणाऱ्याला घरातून दुपारी १२ ला निघावं लागेल. लेहला उतरायचं दुसऱ्या दिवशी ७.३० ला. एकूण साडेएकोणीस तास, आणि त्यातला विमानातला वेळ फक्त तीन तास.

रजेच्या अर्जात आणि घरच्यांना सांगताना हा साडेएकोणीस तासांचा आकडा लिहायचा. त्यात लेहची विश्रांतीही धरा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ मीटरवर आहे, आणि तिथून एका रात्रीत तुम्ही जवळपास तीन हजार मीटर वर जाता. पहिले दोन दिवस आराम, भरपूर पाणी, चढउतार नाही. डोकं दुखणं, मळमळ, धाप लागणं अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा. रक्तदाब, हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. सिकलसेल तर विदर्भात घरोघरी ऐकू येतो, आणि विरळ हवेत तो धोकादायक ठरू शकतो. घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

टप्पा ७: ऋतूप्रमाणे मोकळा वेळ ठेवा

पावसाळ्यात अडचण आपल्याच भागात असते. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. भामरागड-एटापल्लीकडच्या माणसाने जुलै-ऑगस्टमध्ये विमानाच्या एक दिवस आधी गडचिरोली किंवा नागपूर गाठून मुक्काम करावा, निदान आकाश भरून आलं असेल तेव्हा तरी. मुक्कामाचा खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा खूपच कमी असतो.

डिसेंबरअखेर ते जानेवारी दिल्लीत दाट धुकं पडतं, आणि नेमकी पहाटेची विमानं अडकतात. लेहला त्याच दिवसांत बर्फ असतो. दुपारनंतर तिथे विमानं फारशी जात नसल्यामुळे सकाळचा उशीर लांबला की उड्डाण बहुधा रद्दच होतं. रात्री उतरण्याची सोय नसलेल्या कोणत्याही लहान विमानतळाची हीच गत. हिवाळ्यात हजर व्हायच्या तारखेआधी निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

वेळापत्रकही वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखांच्या पलीकडचा प्रवास असेल, तर आत्ता दिसणाऱ्या वेळेवर पुढचं काहीच ठरवू नका. आठवडाभर आधी आणि आदल्या संध्याकाळी उड्डाणाची वेळ पुन्हा पाहा. तिकीट एजंटाकडून काढलं असेल तर त्यावर मोबाईल नंबर तुमचाच आहे ना ते बघा. नाहीतर वेळ बदलल्याचा निरोप एजंटाच्या फोनवर जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

टप्पा ८: परतीचा हिशेब वेगळा मांडा

जाताना साडेएकोणीस तास लागले, म्हणून येतानाही तेवढेच धरू नका. लेहचं विमान सकाळी सुटतं, त्यामुळे साडेनऊ-दहाला तुम्ही दिल्लीत असता. दुपारचं नागपूरचं विमान मिळालं, तर संध्याकाळी पाचपर्यंत सोनेगावला उतरता. दिल्लीतली रात्र वाचते. अडचण येते ती पुढे: देवरीकडची शेवटची एसटी किती वाजता आहे, आणि देवरीहून गावात जायला रात्री काय मिळतं? हे निघण्याआधी आगारात विचारून ठेवा. गाडी मिळणार नसेल, तर कुणाला तरी मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबायला सांगा, आणि दिल्लीत उतरल्यावर त्याला एक फोन करा.